वळिवड्याचे पाहुणे आणि आजचे पोलंड

गणेशोत्सवाच्या तयारीसाठी आमच्या गल्लीतील मंडळाची बैठक भरली होती. वर्गणी, मांडव, विजेचे बिल हे नेहमीचे विषय संपले आणि चहा येईपर्यंत गप्पा सुरू झाल्या. बोलता बोलता विषय उत्तरेकडून आलेल्या मजुरांवर आला. फरशी बसविणारे, रंगकाम करणारे, पाणीपुरीच्या गाड्या लावणारे असे चार-पाचजण आमच्या गल्लीच्या टोकाला दोन खोल्या घेऊन राहतात. आम्ही ज्यांना काका म्हणतो, आणि ज्यांचा शब्द गल्लीत सहसा मोडला जात नाही, असे एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "या लोकांना घरे देऊ नका. रोगराई आणतात, आणि उद्या आपल्याच डोक्यावर बसतील." चार माना डोलल्या. आम्ही काहीच बोललो नाही. चहा प्यालो, वर्गणीची पावती घेतली आणि घरी आलो.

घरी आल्यावर मात्र चैन पडेना. बेळगावात राहणाऱ्या मराठी माणसाला 'बाहेरचे' हा शब्द कोणी शिकवावा लागत नाही. आमच्या चार पिढ्या याच मातीत गेल्या, तरी दुकानाच्या पाटीवरच्या अक्षरांवरून आपण आतले की बाहेरचे हे अधूनमधून कोणीतरी आम्हांला विचारीतच असते. असे असताना तोच शब्द दुसऱ्यासाठी वापरला जात होता, तेव्हा आमची जीभ का उचलली नाही? या प्रश्नाचा पाठपुरावा करता करता आम्ही एका दूरच्या देशाच्या हकिकतीपाशी जाऊन पोहोचलो. दूरचा म्हणावा, तर त्या देशाचा एक तुकडा आमच्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरांवर, कोल्हापूरच्या शेजारी, पाच वर्षे नांदून गेलेला आहे.

वळिवडे हे गाव पुष्कळांच्या ऐकिवात असेल. १९४३ पासून १९४८ पर्यंत तेथे पोलिश निर्वासितांची छावणी होती. सुमारे पाच हजार माणसे, आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया व मुले. १९३९ च्या सप्टेंबरात पश्चिमेकडून जर्मनीने आणि पाठोपाठ पूर्वेकडून सोव्हिएत रशियाने पोलंड गिळले. पूर्व पोलंडमधील लाखो लोकांना १९४० आणि ४१ साली मालगाड्यांत कोंबून सैबेरिया आणि कझाकस्तानात नेऊन टाकण्यात आले. पुढे हिटलरने रशियावरच चाल केली, तेव्हा रशियाने या कैद्यांना मोकळे केले. त्यांतले जे जगले ते १९४२ साली कास्पियन समुद्र ओलांडून इराणच्या किनाऱ्याला लागले. त्या वेळची वर्णने वाचवत नाहीत. हाडांचे सापळे झालेली माणसे, अंगावर उवांचे थर, टायफस आणि हगवण यांची लागण. इराणच्या पहलवी बंदरात त्यांचे कपडे जाळून टाकावे लागले, डोकी भादरावी लागली. शेकडो माणसे तेथेच, सुटका झाल्यावर, मेली. उरलेल्यांना कोठे ठेवावयाचे हा प्रश्न होता. नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडी येथे पोलिश मुलांना आसरा दिला, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. मोठी छावणी मात्र कोल्हापूर संस्थानात वळिवड्याला झाली.

आमच्या एक मावशी तेव्हा कोल्हापुरात लहान होत्या. त्या सांगत की, मंडईत त्या गोऱ्या बायका भाजीचा भाव मराठीत करीत आणि पैसे देताना बोटांवर मोजून देत. छावणीत शाळा होत्या, देऊळ म्हणजे त्यांचे चर्च होते, दवाखाना होता, बालवीर पथके होती, नाटकेसुद्धा होत. एका पोलिश मुलीने मराठी घरात लग्न करून कोल्हापुरातच आयुष्य काढले. गेलेल्यांच्या थडग्यांची तेथील दफनभूमीत आजही निगा राखली जाते. युद्ध संपले, पाहुणे इंग्लंडला, ऑस्ट्रेलियाला, काही परत पोलंडला गेले. आणि त्यांच्या रिकाम्या बराकींत फाळणीने बेघर झालेली सिंधी कुटुंबे आली. आजचे गांधीनगर ते हेच. एका निर्वासिताचे छप्पर दुसऱ्या निर्वासिताला पुरले, असे उदाहरण आमच्या तरी पाहण्यात दुसरे नाही.

वॉर्सात आज जामसाहेबांच्या नावाचा चौक आहे आणि कोल्हापूरचे स्मारकही आहे; २०२४ च्या ऑगस्टमध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तेथे जाऊन फुले वाहिली. आता याच देशातला २०१५ सालचा ऑक्टोबर महिना डोळ्यांसमोर आणावा. सीरियातील युद्धाने देशोधडीला लागलेली माणसे युरोपच्या दारांशी येत होती आणि पोलंडात निवडणुकीचा प्रचार चालू होता. कायदा आणि न्याय या नावाच्या पक्षाचे नेते यारोस्वाव काचिन्स्की यांनी एका सभेत सांगितले की, हे निर्वासित आपल्याबरोबर रोग आणि परोपजीवी जंतू घेऊन येतील. पहलवी बंदरात ज्यांच्या आजीचे कपडे जाळले होते, अशीही कुटुंबे तो प्रचार ऐकत असतील. त्याच महिन्यात त्या पक्षाने निवडणूक जिंकली.

आमच्या गल्लीतल्या काकांचे वाक्य आणि हे वाक्य यांत फरक तो किती? म्हणून आम्ही पोलंडचा मागोवा जरा बारकाईने घेतला. अशा राजकारणाला अलीकडे आपल्याकडे 'लोकानुनय' म्हणतात. आम्हांला तो शब्द तोकडा वाटतो. लोकानुनय म्हटले की फुकट वाटलेल्या वस्तू डोळ्यांपुढे येतात, आणि त्या तर डावे-उजवे सगळेच वाटतात. यान-वेर्नर म्युलर या जर्मन राज्यशास्त्रज्ञाने २०१६ साली आपल्या छोट्या पुस्तकात वर्मावर बोट ठेवले आहे. खरे लोक म्हणजे आमच्यामागचे लोक, बाकीचे लोकच नव्हेत, असा दावा हे या राजकारणाचे लक्षण होय. एकदा हे मान्य केले की विरोधी पक्ष हा विरोधी पक्ष राहत नाही, तो परक्याचा हस्तक ठरतो. निकाल विरुद्ध देणारा न्यायाधीश लोकांचा वैरी ठरतो. आणि शेजारच्या खोलीतला फरशीवाला रोगराई ठरतो.

पण लोक अशा दाव्यामागे जातात तरी का? येथे पोलंडची हकिकत सोपी नाही आणि आम्हांला ती सोपी करावयाचीही नाही. १९८० साली ग्दान्स्कच्या गोदीत लेक वालेसांच्या नेतृत्वाखाली संप झाला आणि सॉलिडॅरिटी ही संघटना उभी राहिली. दीड वर्षाच्या आत तिचे सभासद सुमारे एक कोटी झाले. आमच्या पिढीने त्या बातम्या रेडिओला कान लावून ऐकल्या आहेत. १९८९ साली कम्युनिस्ट राजवट रक्त न सांडता गेली आणि १९९० च्या पहिल्या दिवसापासून बाजारपेठेची अर्थव्यवस्था एका झटक्यात लागू झाली. देश पुढे गेला यात शंका नाही. २००४ साली पोलंड युरोपीय संघात गेला, २००९ च्या जागतिक मंदीतही तेथील अर्थव्यवस्था आकसली नाही. वॉर्सात काचेचे मनोरे उभे राहिले.

परंतु ज्या गोदीतल्या आणि खाणीतल्या कामगारांनी राजवट पाडली, त्यांतल्या कित्येकांच्या वाट्याला बेकारी आली. सरकारी शेतीची मोठमोठी केंद्रे नव्वदीच्या प्रारंभी बंद झाली आणि त्यांवर अवलंबून असलेली गावेच्या गावे ओस पडल्यागत झाली. २००२-०३ च्या सुमारास देशातील बेकारी वीस टक्क्यांच्या घरात होती. युरोपची दारे उघडताच वीस लाखांच्या आसपास माणसे, बहुतेक तरुण, इंग्लंड-आयर्लंडसारख्या देशांत कामाला गेली. मागे राहिलेल्या लहान गावांतल्या एस.टी.सारख्या गाड्या एकामागून एक बंद झाल्या. दवाखान्यात जावयाचे तर शेजाऱ्याच्या मोटारीची वाट पाहावी लागे. पुढे गेलेले लोक मागे राहिलेल्यांना सांगत की, काळाबरोबर चला, नवे शिका. सल्ला खोटा नव्हता. पण ज्याच्या गावची गाडी बंद झाली आहे त्याला तो सल्ला कसा लागत असेल, याचा विचार फारसा कोणी केला नाही.

भरीला राज्यकर्त्यांचा तोरा. डोनाल्ड टुस्क यांच्या सरकारने २०१२ साली निवृत्तीचे वय सदुसष्टवर नेले. हिशेब कदाचित बरोबर असेल. पण पाठीवर पोती वाहणाऱ्याला सदुसष्ट आणि टेबलाशी बसणाऱ्याला सदुसष्ट हे एकच नव्हे. २०१४ साली वॉर्सातल्या महागड्या उपाहारगृहांत मंत्र्यांची खासगी संभाषणे चोरून ध्वनिमुद्रित केलेली बाहेर आली. त्यांत मोठा गुन्हा सापडला असे नाही. पण ऑक्टोपसचे पदार्थ खात, शिव्या देत, देशाविषयी कंटाळलेल्या सुरात बोलणारे मंत्री लोकांनी ऐकले, आणि तो ऑक्टोपस घराघरांत पोहोचला. असा अपमान माणूस विसरत नाही. भाकरीचा प्रश्न एक वेळ पुढे ढकलता येतो.

काचिन्स्कींनी हा अपमान ओळखला, हे त्यांचे राजकीय कर्तृत्व मान्य केले पाहिजे. त्यांचे जुळे भाऊ लेक काचिन्स्की हे राष्ट्राध्यक्ष होते. २०१० च्या एप्रिलमध्ये रशियातील स्मोलेन्स्कजवळ विमान कोसळून ते आणि त्यांच्याबरोबरचे असे शहाण्णवजण ठार झाले. त्या दुःखातूनही पुढे संशयाचे राजकारण उभे राहिले. २०१५ साली त्यांच्या पक्षाला सदतीस-अडतीस टक्के मते पडली, पण चारशे साठांच्या सभागृहात दोनशे पस्तीस जागा मिळाल्या. डाव्या पक्षांची मते आवश्यक मर्यादेच्या थोडी खाली राहून वाया गेली होती. मतदारांपैकी निम्मे तर घरीच बसले होते.

सत्तेवर येताच त्यांनी दिलेला शब्द पाळला. २०१६ च्या एप्रिलपासून दुसऱ्या आणि त्यापुढच्या प्रत्येक मुलामागे कुटुंबाला दरमहा पाचशे झ्लॉटी मिळू लागले. २०१९ साली पहिल्या मुलालाही ते लागू झाले. निवृत्तीचे वय पुन्हा खाली आले. ज्या घरांतली मुले सुट्टीत कधी समुद्र पाहू शकली नव्हती ती समुद्रावर गेली. आणि सुशिक्षितांनी काय करावे? किनाऱ्यावर आता गर्दी फार होते, सरकारच्या पैशावर लोक दारू पितात, असे विनोद केले. विरोधकांनी सरकारला दिलेली ही सर्वांत मोठी देणगी होती, असे आमचे मत आहे. कोणाच्या पोराला मिळालेल्या दुधाची थट्टा करून त्याच्याकडे मत मागावयास जाता येत नाही.

दुसरीकडे घराचे वासे उपसणे चालूच होते. संवैधानिक न्यायालयाच्या न्यायाधीशांच्या नेमणुका डावलल्या गेल्या आणि त्या न्यायालयाचा निकाल राजपत्रात छापण्यासच सरकारने नकार दिला. सरकारी दूरदर्शन पक्षाचे कर्णे बनले. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे निवृत्तीचे वय सत्तरवरून पासष्टवर आणून सुमारे एक-तृतीयांश न्यायाधीशांना एकदम घरी बसविण्याचा कायदा झाला. निर्वासितांचे तर विचारूच नका. आधीच्या सरकारने सुमारे सात हजार माणसे घेण्याचे कबूल केले होते. नव्या सरकारने त्या वाटपातला एकही घेतला नाही. गंमत अशी की, याच काळात कारखान्यांना माणसे हवीत म्हणून पोलंड परदेशी कामगारांना युरोपात सर्वांत जास्त परवाने देत होते. भाषणात परका नको आणि भट्टीवर मात्र हवा, हा प्रकार आम्हांला अगदीच अपरिचित नाही. गल्लीतल्या नव्या घरांच्या फरशा कोणी बसविल्या ते सर्वांना माहीत आहे.

येथे आम्हांला स्वतःकडेही पाहिले पाहिजे. १९ जून १९६६ रोजी मुंबईत शिवसेना स्थापन झाली तेव्हा मराठी तरुणांची नोकऱ्यांची तक्रार खोटी नव्हती. पण बोट दाखविले गेले ते कचेऱ्यांतल्या दाक्षिणात्य टंकलेखकाकडे आणि उडुप्याच्या गल्ल्याकडे. १९६९ च्या फेब्रुवारीत सीमाप्रश्नावरून मुंबईत दंगल पेटली. माणसे मेली, दाक्षिणात्यांची दुकाने आणि हॉटेले फुटली. ते आमच्या नावाने चालले होते. ज्यांची हॉटेले फुटली त्यांच्यासारखी माणसे आमच्या पलीकडच्या गल्लीत राहत होती आणि आमच्या मुलांबरोबर शाळेत जात होती. आमच्या सीमेवरच्या मागणीचा न्याय-अन्याय हा वेगळा विषय आहे आणि त्याविषयी या अंकाच्या वाचकांना नव्याने काही सांगण्याची गरज नाही. पण आपली रास्त तक्रार कोणाच्या तरी हातात गेली की ती कोणाच्या डोक्यात घातली जाईल हे आपल्या हाती राहत नाही, एवढे त्या दिवसांत आमच्या घरातल्या वडील माणसांना कळून चुकले होते. ते बोलत नसत. आम्हीही परवा बोललो नाही.

असो. पोलंडात लोकांनी या लाटेला तोंड कसे दिले?

पहिली काही वर्षे मोर्चे पुष्कळ निघाले. २०१७ च्या जुलैमध्ये रोज रात्री न्यायालयांपुढे मेणबत्त्या घेऊन माणसे उभी राहत. राष्ट्राध्यक्ष आंजेय दुदा हे त्याच पक्षातून आलेले असूनही त्यांनी तीनपैकी दोन विधेयके परत पाठविली. परंतु मोर्चे मुख्यतः मोठ्या शहरांतले, आणि तेथे जमणारे आधीच पटलेले. त्यांनी सरकार हलले नाही. २०१९ ला तोच पक्ष त्रेचाळीस टक्क्यांहून अधिक मते घेऊन परत आला. मात्र वरिष्ठ सभागृहात विरोधकांनी एकमेकांविरुद्ध उमेदवार उभे न करण्याचा समंजसपणा दाखविला आणि ते सभागृह थोडक्यात का होईना, हाती घेतले.

आम्हांला अधिक भावली ती साधी, न गाजणारी कामे. सर्वोच्च न्यायालयाच्या अध्यक्षा माल्गोझाता गेर्सडॉर्फ यांना नव्या कायद्याने निवृत्त ठरविले, त्याच्या दुसऱ्या दिवशी, ४ जुलै २०१८ रोजी, त्या नेहमीप्रमाणे कामावर आल्या. घटनेत माझी मुदत सहा वर्षे लिहिली आहे आणि ती संपलेली नाही, एवढीच त्यांची भूमिका. पुढे युरोपीय न्यायालयाने हस्तक्षेप केला आणि त्या वर्षाच्या अखेरीस सरकारला तो कायदा मागे घ्यावा लागला. २०२० च्या जानेवारीत हजारो लोक वॉर्साच्या रस्त्यावरून मूकपणे चालले; त्यांच्या अग्रभागी झगे घातलेले न्यायाधीश होते, आणि इतर देशांतले न्यायाधीशही त्यांच्या खांद्याला खांदा लावून आले होते. न्यायाधीशाने रस्त्यावर यावे का, हा प्रश्न आम्हांलाही पडला. पण वकील आणि न्यायाधीश मंडळींनी २०२१ पासून आणखी एक गोष्ट केली. उन्हाळ्यात एक बस घेऊन ती लहान लहान गावांत फिरली, बाजारपेठेच्या चौकात खुर्च्या मांडून बसली आणि विचारील त्याला घटना म्हणजे काय, तुमच्या जमिनीच्या दाव्याशी आणि पेन्शनशी तिचा काय संबंध, हे सांगत राहिली. ज्या गावची गाडी बंद झाली होती तेथे ही गाडी गेली. हे काम तीस वर्षांपूर्वी व्हावयास हवे होते.

आणखी एक दिवा. २०२१ साली बेलारूसच्या सीमेवरच्या जंगलात पश्चिम आशियातून आलेली माणसे अडकून पडली. बेलारूस त्यांना पुढे ढकली, पोलिश सैनिक मागे ढकलीत; थंडीने माणसे मेली. सीमेलगतच्या काही घरांनी खिडकीत हिरवा दिवा लावावयास प्रारंभ केला. या घरात आलात तर जेवण मिळेल, कपडे मिळतील, पोलिसांना कोणी कळविणार नाही, असा त्याचा अर्थ. सगळ्या गावाला हे पसंत नव्हते. शेजाऱ्याच्या नजरेला नजर देत तो दिवा ठेवावा लागे. पुढे २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनवर हल्ला झाला तेव्हा मात्र त्याच देशाने लाखो युक्रेनी स्त्रिया-मुलांना आपल्या घरांत, स्वयंपाकघरांत, मुलांच्या खोल्यांत जागा दिली. वळिवडे कोणी विसरले नव्हते असे म्हणावे, तर जंगलातल्या माणसांचे काय? ओळखीच्या चेहऱ्याला दार उघडते आणि अनोळखी चेहऱ्याला उघडत नाही, हे केवळ पोलंडचे दुखणे नाही.

२०२३ चा ऑक्टोबर आला. तीन विरोधी गटांनी आपापल्या याद्या वेगळ्या ठेवल्या. शेतकऱ्यांचा आणि परंपरा मानणाऱ्यांचा एक, शहरी मध्यममार्गीयांचा एक, डाव्यांचा एक. ज्याला जेथे बरे वाटेल तेथे त्याने जावे. मुलांमागचा भत्ता काढून घेतला जाणार नाही, हे त्यांनी स्वच्छ सांगितले, आणि थट्टेचे दिवस संपले. सरकारने मतदानाबरोबरच निर्वासितांविषयीचे सार्वमत ठेवले होते. कित्येकांनी ती चिठ्ठी घेतलीच नाही आणि पुरेशा मतांअभावी ते सार्वमत बंधनकारक ठरले नाही. त्याआधी महिनाभर, पैसे घेऊन व्हिसा दिल्याचे प्रकरण सरकारच्या परराष्ट्र खात्याला भोवले होते. त्यात भारतातल्या काहींना चित्रपटाचे कामगार म्हणून दाखवून व्हिसा दिल्याचाही आरोप होता, तेव्हा आपल्याकडच्या वृत्तपत्रांनीही त्याची दखल घेतली.

१५ ऑक्टोबरला मतदान झाले ७४.४ टक्के. १९८९ च्या त्या ऐतिहासिक निवडणुकीतही इतके झाले नव्हते. व्रोत्सवाफ शहराच्या यागोद्नो या नव्या वस्तीत रांग इतकी लांबली की, रात्री नऊला दार बंद झाल्यावरही रांगेतली माणसे पहाटे तीनच्या सुमारास मत देऊन बाहेर पडली. आसपासच्या लोकांनी त्यांना चहा आणि पिझ्झा आणून दिला. तरुणांचे मतदान चार वर्षांपूर्वीच्या तुलनेत फारच वाढले होते. सत्ताधारी पक्ष एकशे चौऱ्याण्णव जागांवर थांबला आणि तीन विरोधी गटांना मिळून दोनशे अठ्ठेचाळीस मिळाल्या. डिसेंबरात टुस्क पुन्हा पंतप्रधान झाले.

येथे गोष्ट संपली असती तर सांगावयास बरी होती. पण पुढची दोन वर्षे आम्हांला अधिक शिकवून गेली. वासे उपसायला जितका वेळ लागतो त्याहून बसवायला जास्त लागतो. नव्या सरकारने २०२३ च्या डिसेंबरात सरकारी दूरदर्शन ताब्यात घेतले ते कंपनी कायद्यातली एक वाट काढून; हेतू चांगला, पण आडवाटेने गेल्याची टीका त्यांच्या हितचिंतकांनीही केली. न्यायालयांविषयीची विधेयके राष्ट्राध्यक्षांपाशी अडली. आणि २०२५ च्या मार्चमध्ये याच सरकारने बेलारूसच्या सीमेवर आश्रय मागण्याचा हक्कच तात्पुरता स्थगित करण्याचा कायदा केला. विरोधकाचे शब्द आपण घेतले तर त्याची माणसे आपल्याकडे येतील, असा हिशेब त्यामागे असावा. १ जून २०२५ च्या निवडणुकीत कायदा आणि न्याय पक्षाच्या पाठिंब्याचे उमेदवार कारोल नाव्रोत्स्की ५०.८९ टक्के मतांनी राष्ट्राध्यक्ष झाले, आणि पहिल्या फेरीत त्यांच्याहूनही कडव्या उजव्या दोघा उमेदवारांनी मिळून वीस टक्क्यांहून अधिक मते घेतली होती. त्या तरुणांपैकी किती तरी, जे दोन वर्षांपूर्वी रांगेत उभे होते, आता दुसरीकडे गेले. घरभाड्याचा प्रश्न त्यांना कोणी सोडवून दिला नव्हता. ज्याला परक्याची भीती विकत घ्यावयाची आहे तो मूळ दुकानात जातो. नकलेच्या दुकानात कशाला येईल?

हे सगळे वाचून झाल्यावर आम्ही एका रविवारी काकांकडे गेलो. वाद घालावयाचा नाही असे घरातून ठरवून निघालो होतो, कारण मंडळींनी तशी ताकीद दिली होती. काकूंनी पोहे केले. आम्ही म्हणालो, "काका, परवा बैठकीत तुम्ही त्या मजुरांविषयी बोललात, तेव्हा मी गप्प बसलो. ते मला पटलेले नव्हते." काका क्षणभर आमच्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "तुला पटणार नाही हे मला ठाऊक होतं. पण तू काही म्हणाला नाहीस."

त्यानंतर जवळजवळ तासभर तेच बोलत होते. त्यांच्या मुलाचे विजेच्या सामानाचे दुकान गेल्या वर्षी बंद झाले. भाडे दुप्पट झाले होते आणि मालक ऐकावयास तयार नव्हता. नातू बंगळूरला, फोन महिन्यातून एकदा. बँकेत गेले तर काऊंटरवरची मुलगी कानडीत बोलते, इंग्रजीत बोलते, आणि आपल्याला दोन्ही धड येत नाही म्हणून आपण मूर्ख ठरतो. त्या फरशीवाल्यांचे नाव या तासाभरात एकदाही निघाले नाही. त्यांच्याशी या कशाचाही संबंध नव्हता, हे आम्ही सांगितले नाही. ते त्यांनाही कळत असावे. बँकेत पुढच्या वेळी बरोबर येतो, असे आम्ही म्हणालो.

निघताना आम्ही वळिवड्याचा विषय काढला. तर काका म्हणाले, "अरे, माझे मामा तेव्हा कोल्हापुरात बेकरीत होते. छावणीत पाव पोहोचवायचे. एक बाई रोज पावाचा वास घ्यायची आणि रडायची, म्हणायचे. मामांना त्यांची भाषा येत नव्हती. मग ते तिला एक पाव जास्त द्यायचे, मालकाला न सांगता." एवढे बोलून ते आत गेले आणि एक जुना पिवळा पडलेला फोटो शोधू लागले. फोटो सापडला नाही. पुढच्या रविवारी शोधून ठेवतो, तू ये, असे त्यांनी सांगितले आहे.